खालचं ते आपलं पाळणाघर

६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन केला तर दादा उचलतो, आणि जे विचारायचंय ते दादासमोर विचारता येत नाही. म्हणून हा कागद.

परवा त्याचाच फोन आला होता. मी कामावर, केबिनमध्ये. इकडचं तिकडचं झालं, मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "ठके, तुझी वहिनी न्हाणीघरात बोलते." मी म्हटलं, गात असेल. म्हणाला, "गात नाही. 'उपस्थित बंधू आणि भगिनींनो' म्हणते. आमच्या न्हाणीघरात कोण उपस्थित आहे?" वहिनी, मी एवढी हसले की बाहेरचा तिकीटवाला काच ठोकायला लागला. दादाला राग आला. मग त्याने दुसरं काढलं. दर गुरुवारी संध्याकाळी तू इस्त्रीचे कपडे घालून वाचनालयात जातेस आणि तेच पुस्तक घेऊन परत येतेस. "तेच पुस्तक, ठके! महिना झाला. त्याच्यावर घोडा आहे."

घोड्यावर मात्र माझं हसू थांबलं. हे बघ, मी तुझी नणंद असले तरी आधी मैत्रीण आहे. या वयात काही भानगड असेल तर मला सांगून टाक, म्हणजे दादाला काय सांगायचं ते मला ठरवता येईल. आणि डोक्याचं काही असेल तर त्याचे इथे एक चांगले डॉक्टर आहेत, आमच्या स्थानकाच्या मागेच बसतात.

माझं तेच चाललंय. माईक ओढायचा आणि कुठली बस किती उशिरा येणार ते सगळ्या स्थानकाला सांगायचं. काल इतक्यांदा 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' म्हणाले की घरी आल्यावर दूध उतू गेलं तर दुधालाही तेच ऐकवलं.

लवकर लिही. जिवाला घोर लागलाय.

तुझी,
ठकी


१२ फेब्रुवारी

प्रिय ठके,

भानगड आहे. वीस-पंचवीस माणसांशी आहे, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून. आता पाणी पी आणि पुढे वाच.

झालं असं, की महिन्यापूर्वी मी आपली पुस्तक बदलायला गेले होते. जिन्यापाशी कागद चिकटवलेला: 'बोलते मंडळ. चारचौघांत बोलायची भीती वाटते? वर या.' म्हटलं, आपलं बघावं तरी. वर गेले आणि आपली शेवटच्या खुर्चीवर बसले. मंडळाच्या अध्यक्ष एक दातांच्या डॉक्टर आहेत. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून त्याच बोलतात, त्यामुळे उत्तर ऐकायची सवय मोडली म्हणून त्यांनी मंडळ काढलं, असं त्या स्वतःच सांगतात. शेजारी एक न्हावी बसतो. त्याच्यापुढे छोटी घंटी. बोलणारा 'म्हणजे', 'ते हे', 'काय की' असं उगाच काही म्हणाला की तो टिंग करतो. तो मला म्हणाला, "ताई, दुकानात माझं सगळे ऐकतात, कारण गळ्यावर वस्तरा असतो. इथे हात रिकामे आहेत, म्हणून शिकायला आलोय."

मग माझी पाळी. विषय सोपा, 'माझं काम'. मी म्हटलं, "मी आपलं एक छोटंसं पाळणाघर चालवते." टिंग. "म्हणजे आपली शेजारपाजारची मुलं," टिंग. "मी आपली त्यांना सांभाळते, आणि हे," टिंग. मी चिडून म्हटलं, "अहो, 'हे' म्हणजे माझे मिस्टर!" हॉल हसून लोळला. न्हाव्याने कान धरले. तेव्हापासून तिथे नियम झालाय, की बायकांचं 'हे' मोजायचं नाही. 'आपलं' मात्र मोजायचं. डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही प्रत्येक वाक्याआधी अंग चोरता. 'आपलं' म्हणता आणि वाक्य पुढे करून स्वतः मागे उभ्या राहता." मी घरी येईपर्यंत तेच घोळवत होते. न्हाणीघरातली सभा त्यानंतरची.

आता हसणं बाजूला ठेव, कारण खरं कारण पुढे आहे. आमच्या इमारतीची वार्षिक सभा मार्चच्या शेवटच्या रविवारी आहे. तिच्यात ठराव येणार, की तळमजल्यावरची पाळणाघराची खोली रिकामी करून तिथे समितीचं कार्यालय करायचं. काचेचं दार, मोठं टेबल, अध्यक्षांच्या नावाची पाटी. ठराव मांडणार अध्यक्ष. म्हणजे तुझा दादा. म्हणजे माझे 'हे'.

मला त्यांनी सांगितलं नाही, ठके. मला चिटणिसाच्या बायकोने जिन्यात सांगितलं. तुला भाचा झाला आणि तो रांगायला लागला, तेव्हापासून ती खोली मी चालवतेय. सकाळी दवाखान्यातली नर्स आपलं बाळ अर्धवट झोपेतच माझ्या खांद्यावर टाकते, बसची कंडक्टर पोरीच्या दप्तरात तिचा रुमाल कोंबून पळते, बेकरीतली ताई पिठाच्या हातानेच टाटा करते. या बायका कुठे जातील? मी त्या सभेत उभी राहणार आहे. 

ह्यांना यातलं काही बोलू नकोस. मी आपली सगळी तयारी झाली की स्वतःच सांगेन.

तुझी,
वहिनी

ता. क. घोड्याचं पुस्तक चांगलं आहे म्हणतात. मी अजून उघडलेलं नाही.


१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हुश्श! भानगड नाही म्हणून हुश्श, आणि पुढचं वाचून तो हुश्श परत घेतला.

तुझ्या पत्रातल्या 'आपलं'वर मी लाल पेनाने गोल केले. न्हावी घंटीला हात लावायच्या आधीच दमला असता. शेवटच्या ओळीतही एक आहे, बघ: 'मी आपली सगळी तयारी झाली की.' अगं, कागदावर तुला कोण खायला उठलंय?

पण सभेचं मला पटत नाही. भर सभेत, सगळ्या इमारतीसमोर, नवरा खुर्चीवर आणि बायको समोर उभी राहून त्याच्याच विरुद्ध बोलते, हे दादाला किती लागेल? तो अभिमानी माणूस आहे. गोदामात सारी नोकरी दुसऱ्यांच्या सह्यांची वाट बघण्यात गेली. आता कुठे त्याला खुर्ची मिळालीय. तुला ठाऊक आहे, बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. माझ्या फीपासून बुटांपर्यंत सगळं त्याने पाहिलं, माझ्यासाठी स्वतःचं लग्न लांबवलं. त्याला मी आजवर कधी 'नाही' म्हटलेलं नाही. म्हणायची वेळच त्याने येऊ दिली नाही.

तू घरात बोल ना. चहाच्या वेळी, शांतपणे. तो ऐकेल. माणूस वाईट नाही, नुसता खुर्चीला चिकटलाय.

पाळणाघर तर राहिलंच पाहिजे. पण दादाचा मान राखून राहू दे.

तुझी,
ठकी


२ मार्च

प्रिय ठके,

घरात बोलले. चहाच्या वेळी, शांतपणे, तू सांगितलंस तस्सं.

ह्यांनी पेपर खाली केला नाही. पेपरातूनच म्हणाले, "किती दिवस दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसणार? आराम कर आता." मी विचारलं, मुलं कुठे जातील? "जातील कुठेतरी." मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? तेव्हा पेपर खाली आला आणि ते खरोखरच चकित होऊन म्हणाले, "तुला काय सांगायचं त्यात?" ठके, ते ओरडले असते तर मला इतका राग आला नसता. ते चकित झाले! खोली माझी, काम माझं, आणि मला सांगण्यासारखं त्यात काही असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तू त्यांच्या मानाचं लिहिलंस. तुझ्यासाठी त्यांनी काय काय केलं ते मी पाहिलंय, आणि त्यासाठी मी त्यांना मानते. पण उपकार झाले ते तुझ्यावर. त्यांची फेड माझ्या पाळण्यांतून नको.

आता चांगली बातमी. गेल्या गुरुवारी मंडळाची सभा मी चालवली. पाळीपाळीने प्रत्येकाला अध्यक्ष करतात. मी खुर्चीवर बसले आणि ठके, तुला एक गुपित सांगते, खुर्ची साधीच असते. एक पाय डुगडुगत होता. कुणाला आधी बोलू द्यायचं, कुणाला आवरतं घ्यायला सांगायचं, भांडायला लागले तर कसं थांबवायचं, हे सगळं मी दिवसभर करतेच की, फक्त माझी माणसं गुडघ्याएवढी असतात. न्हावी दोनदा मध्ये बोलला तेव्हा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो हाताची घडी घालून बसला. नंतर म्हणाला, मला एकदम शेंबूड पुसावासा वाटला.

आणि तिथे 'हरकतीचा मुद्दा' शिकवला. सभा नियमाबाहेर चाललीय असं वाटलं की उठून हे दोन शब्द म्हणायचे. अध्यक्षाला थांबून ऐकावंच लागतं. मला हे लग्नाआधी कुणी का नाही शिकवलं?

मी बोलणार आहे. तुला पटो न पटो. हे पत्र पुन्हा वाचून पाहिलं, लाल पेनाला काही काम नाही. शोध हवं तर.

तुझी,
वहिनी


१५ मार्च

वन्सं यांस,

सा. न. वि. वि.

काल आमच्या लिफ्टशेजारी सूचना लागली. 'यंदाच्या सभेत वेळेअभावी एका घरातून एकाच व्यक्तीस बोलता येईल. अध्यक्ष.' दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरातून कोण बोलणार ते सांगायला नको.

मी भाषण करणार हे ह्यांना मी सांगितलेलं नव्हतं. न्हावी सांगायला आला नव्हता. डॉक्टरीणबाई ह्यांना ओळखत नाहीत. हे मात्र रविवारी तुमच्याशी फोनवर बोलले आणि सोमवारी शीळ घालत घरभर फिरले. बाकी तुमची हुशारी तुम्हीच ओळखा.

तुम्हाला भावाचा मान राखायचा होता. राखलात. आनंद आहे.

मी तरीही सभेला जाणार आणि उभी राहणार. बोलू दिलं नाही तर उभीच राहीन. खाली बसा म्हणाले तरी उभी राहीन.

कळावे,
आपली वहिनी

ता. क. वरचं 'आपली' पत्रातलं आहे. त्याच्यावर गोल करू नये.


२० मार्च

प्रिय वहिनी,

'वन्सं' वाचलं आणि रडू फुटलं. तुमचं लग्न ठरलं तेव्हापासून तू मला वन्सं म्हटलं नव्हतंस.

हो, माझ्याच तोंडून गेलं. पण तू समजतेस तसं नाही. तू घरात बोललीस असं लिहिलंस, म्हणून मला वाटलं त्याला सगळं माहीत आहे. तो फोनवर म्हणाला, तुझ्या वहिनीला काही बोलता येत नाही, आणि मला तुझा एवढा अभिमान उफाळून आला की मी म्हटलं, "येत नाही? सभेत बघ तू, कशी बोलते ती!"  मग तो म्हणाला, "अस्सं." त्या 'अस्सं'वरूनच मला कळायला हवं होतं.

तुझं पत्र आल्यापासून मला एकच गोष्ट आठवतेय. दहावी झाल्यावर ही नोकरी दादानेच आणली. आनंदाने घरी येऊन म्हणाला, "ठके, तुझ्या आवाजाला शोभेल असं काम आहे. आणि काळजी नको, तिथे तुला काही बोलावं लागत नाही. नुसतं वाचायचं." तेव्हा मला किती हायसं वाटलं होतं! आज त्याच वाक्याचा राग येतोय. सगळं गाव माझा आवाज ओळखतं, भाजीवाला पाठमोरा असला तरी ओळखतो, आणि त्या आवाजात माझं स्वतःचं एक वाक्य आजवर गेलेलं नाही. दादाने काही वाईट केलं नाही. पण तुझ्या बाबतीत झालं तसंच, माझ्याकडे सांगण्यासारखं काही असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

आता कामाचं ऐक. तुमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर बाबांच्या मागे आम्हा दोघांच्या नावावर झालं. मी कधी त्यावर हक्क सांगितला नाही, म्हणून सगळे विसरले. दादा तर पार विसरला. एका घरातून एक, असाच नियम असेल, तर दादा अध्यक्ष म्हणून बोलेल आणि घराचं बोलणं उरतं माझ्याकडे. रविवारी मला ड्यूटी आहे, येता येत नाही. सोबत वेगळा कागद जोडलाय, सही करून. भर सभेत वाच. दादाला 'नाही' म्हणण्याची ही माझी पहिलीच वेळ. पण लिहिलाय.

"कृपया इकडे लक्ष द्या. दुसऱ्या मजल्यावरील घर माझ्या व माझ्या भावाच्या नावावर आहे. भाऊ अध्यक्ष म्हणून बोलतील. घरातर्फे बोलण्याचा माझा हक्क मी माझ्या वहिनीला देत आहे. ती जे बोलेल ते मीच बोलले असे समजावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

आता मला पुन्हा ठके म्हण.

तुझी,
ठकी


१ एप्रिल

माझ्या ठके,

ठके, ठके, ठके! घे, हवं तेवढं.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि त्याच्याशेजारी हे बसलेले आहेत, परवापासून एक शब्द न बोलता. म्हणून सगळं इथेच लिहिते.

सभा पाळणाघरातच झाली, कारण इमारतीत दुसरी मोठी खोली आहे कुठे? ज्या खोलीत मुलांना जागा नको म्हणत होते, तिच्यातच सगळे मावले. पाळणे भिंतीला लावले. लहानग्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली. ह्यांच्यासाठी माझी खुर्ची ठेवली होती, टेबलावर पितळेची घंटा. घंटा बघून मला हसूच आलं.

ह्यांनी ठराव मांडला. चांगलं बोलतात ते, नाकारत नाही. इमारतीची शान, कागदपत्रांना जागा, आल्यागेल्याला बसायला खोली. शेवटी म्हणाले, "आता खाली ते आपलं पाळणाघर चालतं, ते काय, कुठेही चालेल." आणि विचारलं, कुणाला काही बोलायचंय? नर्स हात वर करत होती, तेवढ्यात मी उठले. हे म्हणाले, "आपल्या घरातून मी बोललो."

मी म्हटलं, "हरकतीचा मुद्दा."

ठके, ह्यांचा हात घंटेवरच राहिला. ह्यांना हे दोन शब्द माहीत आहेत, पण ते माझ्या तोंडून येतील असं त्यांना सात जन्मांत वाटलं नसेल. मी तुझा कागद वाचला. 'कृपया इकडे लक्ष द्या'ला पहिलं हसू आलं, 'दिलगीर आहोत'ला तर टाळ्या पडल्या. ह्यांनी कागद मागून घेतला, सही बघितली, पुन्हा बघितली. चेहरा उतरला. तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. चिटणीस पुटपुटला, "घर दोघांच्या नावावर आहे हे खरंय, साहेब." ह्यांनी हाताने मला 'बोल' अशी खूण केली. तोंडाने नाही.

तयार केलेलं भाषण पाठ होतं. उपस्थित बंधू आणि भगिनींनो, पासून सगळं. पण ह्यांचं ते वाक्य कानात अडकलं होतं. मी म्हटलं:

"अध्यक्ष आत्ता 'ते आपलं पाळणाघर' म्हणाले. आजवर मीही तसंच म्हणत आले. मी आपलं पाळणाघर चालवते, मी आपली मुलं सांभाळते. एका घंटीने माझी ती खोड मोडली. पण आज अध्यक्षांच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि वाटलं, शब्द बरोबर आहे, आम्हीच चुकीचा वापरत होतो. हे आपलं पाळणाघर आहे. तुमचं, माझं, आपलं."

मग मी भिंतीकडे बोट केलं. तुला आठवतं ना, मुलांना वाचता येत नाही म्हणून प्रत्येक खुंटीवर मी एकेक चित्र काढलंय? "चिटणीस, तुम्ही बरोबर तुमच्याच खुंटीखाली बसलात. ते बदक तुमचं. आईला उशीर झाला की तुम्ही त्या बदकाकडे तोंड करून उभे राहायचात, कुणी रडताना बघू नये म्हणून. चौथ्या मजल्यावरचे वायरमन, तुमची छत्री. अजून तिथेच आहे, आता नर्सताईंचं बाळ तिच्यावर पिशवी लावतं." वायरमन एवढा थोराड माणूस, मान वर करून छत्री बघायला लागला. लोक हसत होते, पण आपापली खुंटी शोधतही होते.

तेव्हा ह्यांनी घंटा वाजवली. जोरात. वेळ संपली म्हणाले, जरी संपली नव्हती.

पूर्वीची मी असते तर खालीच बसले असते, शिवाय सॉरी म्हणून. पण तीन महिने दर गुरुवारी घंटी ऐकलीय. मी म्हटलं, "वाजवा. मला घंटीची सवय आहे." आणि बोलत राहिले. ते वाजवत राहिले, मी बोलत राहिले. शेवटचं एवढंच म्हटलं: "कार्यालयाला टेबल हवं असेल तर माझं घ्या. खुर्ची हवी असेल तर खुर्ची घ्या, अध्यक्ष बसलेच आहेत तिच्यावर. खोली मिळणार नाही. मागायचीच होती तर मला विचारायचं होतं. मी इथेच असते." आणि बसले. 

हात वर करायची वेळ आली तेव्हा ठरावाच्या बाजूने हे, तळमजल्याचे काका आणि झोपेतून उठलेला एक जण. बदकाने हात खिशात ठेवला. ठराव पडला.

सोमवारी सकाळी कुलूप काढलं तर कंडक्टर पोरीला घेऊन दारात उभी. म्हणाली, "घ्या, आपलं पाळणाघर उघडलं." मी तिला टिंग केलं नाही.

हे बोलत नाहीत. घरात गप्प बसायची पाळी आता त्यांची आहे. सकाळी चहा पितात आणि कप विसळून ठेवतात. पूर्वी कधी विसळत नव्हते. रागाने विसळतात, पण विसळतात. मी समजूत काढायला गेलेले नाही, जाणारही नाही. बोलावंसं वाटेल तेव्हा बोलतील, मी ऐकेन. मध्ये घंटी वाजवणार नाही.

तुझा कागद त्यांनी खिशात ठेवलाय. काळजी त्याचीच वाटते. तुला फोन करतील. सांभाळ.

तुझीच,
वहिनी


७ एप्रिल

प्रिय वहिनी,

केला फोन. काल दुपारी, मी केबिनमध्ये असताना.

आधी बराच वेळ खाकरला. मग म्हणाला, "ठके, तुझा कागद माझ्याकडे आहे." पुढे म्हणाला, "वाईट वाटलं. पण शेवटी तू 'दिलगीर आहोत' लिहिलंस, त्यावरून ओळखलं की तुझ्या मनात नव्हतं. वहिनीच्या भरीला पडलीस. जाऊ दे. मी मनावर घेत नाही."

वहिनी, खरं सांगते, ती ओळ मी लिहिलीय हेच मला आठवत नव्हतं! प्रत्येक सूचनेच्या शेवटी ती येते, हात आपोआप लिहून गेला. आणि दादा तेवढीच एक ओळ धरून बसला होता. मी 'हो दादा' म्हटलं असतं तर सगळं पूर्वीसारखं झालं असतं. त्याने मला माफ केलं असतं, वर माझ्या पुढच्या वाढदिवसाला फोनही केला असता. समोर काचेपलीकडे सगळं स्थानक होतं, बाकांवर माणसं, माझ्या आवाजाची वाट बघत. मी म्हटलं, "दादा, तुझी गैरसोय झाली हे खरं. ते शेवटचं वाक्य मात्र सवयीने आलं. मी दिलगीर नाही."

तो पुन्हा खाकरला. मग म्हणाला, "हे तुला वहिनीने शिकवलं." मी म्हटलं, "नाही. हे माझं मी बोलतेय, दादा. माझं हे पहिलंच आहे, म्हणून जरा थरथरलं असेल." त्याने फोन ठेवला. मी रडले, मग नाक पुसलं, कारण तीनची बस उशिरा येणार होती आणि ते सांगणं माझं काम होतं.

बसची सूचना वाचली. शेवटी 'दिलगीर आहोत' आलं तेव्हा क्षणभर थांबले. मग म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. ती माणसं खरंच उन्हात ताटकळली होती. तो शब्द त्यांचा होता, त्यांना दिला.

येत्या रविवारी रजा काढलीय. तुझ्याकडे येतेय. दादाला सांग, खिशातला तो कागद तयार ठेव. लाल पेन मी आणतेय, शेवटची ओळ त्याच्यासमोर खोडायची आहे.

तुझी,
ठकी